स्पेक्ट्रम बघायला जाताय, पण तिथे चालू करू नका

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

महाल भागातल्या काकांकडे जो जुना कॉम्प्युटर आहे तो सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लसच, हे आता नक्की झालं. फोटोत डाव्या कडेला रीसेटचं बटण दिसतंय. रबरी कळांच्या जुन्या स्पेक्ट्रमला ते नव्हतं. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स परवाना घेऊन भारतात विकत असे तोच हा डीबी स्पेक्ट्रम प्लस, आणि आपल्या घरात होता तोही हाच. बाबा, कबाड्यांकडे चौकशी करताना तुम्ही "टेपवर चालणारा कॉम्प्युटर" असं विचारलंत हे फार बरं केलंत. वेगळा डबा नसल्यामुळे लोक त्याला नुसता कीबोर्ड समजतात आणि तुटक्या कीबोर्डांच्या ढिगात टाकून देतात. हा हातचा गेला तर दुसरा केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. कुरिअरवर माझा विश्वास नाही, म्हणून तुम्हालाच त्रास देतेय. सकाळी नऊच्या आत जाऊन या, उन्हं चढायच्या आधी.

एक गोष्ट मात्र काहीही झालं तरी पाळा. तिथे तो चालू करून बघायचा नाही. काका आपणहून "लावून दाखवतो" म्हणाले तरी हात जोडून नाही म्हणा.

कारण ॲडॉप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण पिनेच्या मधल्या भोकात ऋण आणि बाहेरच्या कड्यावर धन. घरोघरी पडलेले राउटरचे ॲडॉप्टर बहुतेक याच्या उलटे असतात आणि पिन मात्र तितक्याच जाडीची, त्यामुळे ती आत सहज बसते. उलट प्रवाह अडवायची सोय या बोर्डावर नाही. क्षणभर लागला तरी रेग्युलेटर, एखादा ट्रान्झिस्टर आणि त्यांच्यामागे मेमरी, सगळं एका दमात जाऊ शकतं. मूळ ॲडॉप्टर असला तरीही लावायचा नाही, कारण कितीतरी उन्हाळे पत्र्याखालच्या माळ्यावर काढलेल्या मशीनचे कपॅसिटर आतून वाळलेले असणार. आधी ते तपासायचे, मग वीज.

बाबा, सोबत स्टार पेचकस, टॉर्च आणि तुमचं पंचांग वाचायचं भिंग घ्या. मशीन मऊ कापडावर पालथं ठेवा, खालचे सगळे स्क्रू काढा, दोन्ही भाग धरून सुलटं करा आणि झाकण फक्त दोन बोटं उचला. झटक्याने उघडू नका. कीबोर्डमधून दोन पारदर्शक पट्ट्या खाली बोर्डात गेलेल्या दिसतील, एकीत पाच रेघा, दुसरीत आठ. इतक्या वर्षांत त्या वाळल्या कुरडईसारख्या झालेल्या असतात, वाकवल्या की कट्‌कन मोडतात. आधीच मोडलेल्या असल्या तरी मशीन नाकारू नका, कीबोर्डखालचा नवा पडदा अजून बनतो आणि मागवता येतो. भाव करताना मात्र ती मोड काकांना दाखवा.

मग फटीतून टॉर्च मारा. चाळीस पायांच्या दोन मोठ्या चिपा दिसतील. एक झेड-८०, म्हणजे मशीनचा मेंदू, दुसरी फेरांटीची यूएलए, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी खास चिप. यूएलए सॉकेटमध्ये बसवलेली असते, त्यामुळे सुटे भाग विकणारे पहिल्यांदा तीच उपसून नेतात. सॉकेट रिकामं दिसलं तर नमस्कार करून परत या. मूळ चिप आता कारखान्यातून निघत नाही. चिप असेल तर तिच्यावरचे आकडे भिंगाने वाचून मला फोनवर सांगा, '६सी००१ई' असलं काहीतरी निघेल. शेजारच्या चिपांवर चार आकडी तारीखही असते, जसं ८६३२ म्हणजे १९८६ चा बत्तिसावा आठवडा. सगळ्या तारखा आसपासच्या असल्या तर बोर्ड सहसा कुणी छेडलेला नसतो. एखादीच चिप पुढच्या सालची दिसली तर दुरुस्ती झालेली आहे एवढंच समजायचं, त्यात घाबरण्यासारखं नाही. तांब्याच्या तारेचं छोटं वेटोळं काळं पडलंय का आणि कुठे हिरवट-पांढरा क्षार आलाय का, तेवढं बघा.

यूएलए जागेवर आणि बोर्ड स्वच्छ असेल तर आठ हजारांपर्यंत द्या. जळकट वास किंवा क्षार असेल तर चारच्या वर जाऊ नका. "चालू स्थितीत" या शब्दांना इथे काही किंमत नाही. फोनवरून आगाऊ रक्कमही पाठवू नका, झाकण उघडून बघितल्यावरच पैसे.

आई, बांधायचं काम तुझं. थर्माकोल किंवा साधी पन्नी बोर्डाला लागू देऊ नकोस, त्यांच्या घर्षणातून जी वीज साठते ती चिपा मारते. झाकण बंद करून सगळे स्क्रू लाव आणि तुझ्या एखाद्या जुन्या सुती साडीत चार घड्या करून गुंडाळ. गाडीत डिकीत नको, मांडीवर घे. कॅसेटा मिळाल्या तर सगळ्या आण, पण टेपवर लावून बघू नकोस. घरी कूलरच्या खोलीत ठेवल्यास तर ओलीने बुरशी धरेल. देवघराशेजारच्या कपाटात ठेव.

मी आले की पुढचं काम आपण करू. २२, १ आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बर्डीच्या बाजारात मिळतील. १०५ अंशांचे घेऊ, आपल्या उन्हाळ्याला तेच बरे. ॲडॉप्टरसाठी गिटारच्या पेडलचा ९ व्होल्टचा चालतो, त्यात मध्यभागी ऋणच असतो. फक्त तो एक ॲम्पियरच्या वर हवा, अर्ध्या ॲम्पियरचा दम तोडतो. बाबा, मूळ ॲडॉप्टर मिळाला आणि नुसता मीटरवर मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवेल. तो बिघाड नाही. भार नसताना त्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचं असंच असतं.

वीज दिल्यावर पहिलं मोजायचं ते खालच्या १६ के (किलोबाइट) मेमरीच्या, ४११६ नंबरच्या चिपांवर. पहिल्या पायावर उणे ५ व्होल्ट, आठव्यावर १२, नवव्यावर ५ आणि सोळावा जमीन, म्हणजे शून्य. उणे ५ नसेल तर त्याच क्षणी बंद करायचं, कारण ते नसताना १२ मिळाले की या चिपा तापून मरतात. स्क्रीनवर रंगीत उभे पट्टे आले तर दोष बहुधा मेमरीत. "१९८२ सिंक्लेअर रिसर्च" अशी एक ओळ खाली उमटली की अर्धी लढाई जिंकली.

मग मेमरी पूर्ण आहे का ते बघायला, बाबा, तुमची बोटं लागतील. पी दाबलं की प्रिंट हा शब्द आपोआप येतो. एक्सटेंड मोडची कळ आणि ओ, म्हणजे पीक, मेमरीतला आकडा वाचायची आज्ञा. पुढे २३७३२, सिम्बॉल शिफ्ट धरून के, म्हणजे अधिक. २५६, सिम्बॉल शिफ्ट धरून बी, म्हणजे गुणिले. परत एक्सटेंड मोड, ओ, २३७३३ आणि एंटर. ६५५३५ आलं तर ४८ के पूर्ण शाबूत. ३२७६७ आलं तर वरच्या ३२ के मध्ये काहीतरी मेलंय, ते बदलता येतं. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी एकदम मुक्या असतील तर आठ रेघांच्या पट्टीतली एक रेघ तुटली. आणि १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, ०, पी, एंटर, स्पेस या आठही गप्प असतील तर पाच रेघांच्या पट्टीतली.

गेम टेपशिवाय फोनवरूनही चढवू. फोनची वायर 'इअर' (EAR) लिहिलेल्या भोकात, आवाज पूर्ण. 'जे' (J) ची कळ दाबली की लोड हा अख्खा शब्द येतो, मग दोनदा अवतरणचिन्ह आणि एंटर. कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. पूर्ण ४८ के चढायला पाचेक मिनिटं लागतात, आई, तेवढ्यात तुझा चहा होतो.

काकांकडून निघताना मशीनची मागची बाजूही बघून घ्या. तिथे उघड्या तांब्याच्या दातांची कड आहे, तिला बोट लावू नका, आणि काही जोडलेलं असेल तर ते वीज नसतानाच काढायचं असतं. घरी पोचलात की फोन करा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, झाकण उघडलंत की आधी पूर्ण बोर्डाचे दोन फोटो काढून मला पाठवा. कपॅसिटरची धन-ऋण बाजू मला त्यावरूनच लावायची आहे.