आरोग्यमंत्री महोदय, माझ्या बाळाचे दिवस चुकीचे मोजले गेले

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

परवा माझी मुलगी काचेच्या पेटीतून बाहेर आली. तेरा दिवस ती आत आणि मी बाहेर बाकड्यावर. जन्मताना वजन 1 किलो 950 ग्रॅम. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. आपण वेळ काढून हे वाचावे.

मला पीसीओएस आहे, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. चार वर्षे गोळ्या घेतल्या, पैसे संपले तेव्हा बंद केल्या आणि त्यानंतर दिवस गेले. तेही उशिरा कळले. पाळी लांबणे आम्हाला नेहमीचेच.

सरकारी दवाखान्यात सिस्टरांनी आधी विचारले, शेवटची पाळी कधी? दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी म्हणाले. माझी पाळी वेळेवर येत नाही, हेही सांगितले. ते कुणी लिहून घेतले नाही. त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवून जुलैची तारीख टाकली. हा हिशेब अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. पाळी लांबली की बीज उशिरा सुटते, म्हणून कार्डावरचे आठवडे खऱ्यापेक्षा पुढे धावले. माझे बीज कधी सुटले, बाळ किती आठवड्यांचे, हे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत समजले असते. मशीन होते, कापडाने झाकलेले. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात म्हणाले. तीनदा गेले, तीनदा ते आले नव्हते.

साखरेची तपासणीही त्याच तारखेवर. पीसीओएसमध्ये गरोदरपणी साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. केंद्र सरकारच्याच सूचना आहेत: पहिल्या भेटीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासा, 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा तपासा. माझी दुसरी तपासणी कार्डावरच्या सव्विसाव्या आठवड्यात झाली, म्हणजे खऱ्या विसाव्या. ‘नॉर्मल’ लिहून पान उलटले.

सातव्या महिन्यात एकदाची सोनोग्राफी झाली, तेव्हा कार्डावर मला नववा लागला होता. ‘बाळाची वाढ खुंटली’ म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, ही नीट जेवतच नाही. मी रात्री उठून दूध-भाकरी कुस्करून खाल्ली, भूक नसताना, रडत. पुढे ‘दिवस उलटले’ म्हणून कळांचे सलाईन लावले. मुलगी रडली नाही. खासगीतल्या बालरोगतज्ज्ञांनी तिचे तळपाय पाहिले, कानाची पाळी दुमडून पाहिली आणि म्हणाले, हे पस्तीस आठवड्यांच्याही आतले बाळ आहे.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पेटी रिकामी नव्हती. खासगीचे बिल 84 हजार. नवऱ्याचा टेम्पो गहाण आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मूल होण्याच्या वयातल्या 10 ते 13 टक्के बायकांना पीसीओएस असतो. म्हणजे तुमच्या प्रत्येक दवाखान्याच्या रांगेत आम्ही आहोत. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियान चालते. त्या रांगेत मीही उभी होते. वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या आणि फोटो. फोटोत मी आहे, पण पाळी वेळेवर का येत नव्हती, हे कुणी विचारले नाही.

लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये मला मिळतात, मी ते नाकारत नाही. पण त्या पंधराशेतून मी दर महिन्याला रिकाम्या खुर्चीपर्यंतचे रिक्षाभाडे भरले. डॉक्टर न देता पैसे देणारे सरकार मला नको आहे. रस्त्याचे उद्घाटन वेळेवर होते, निवडणूक वेळेवर होते. सोनोग्राफीचा डॉक्टर तेवढा कधीच वेळेवर का येत नाही? त्याची जागा भरली नाही, की भरून तो येत नाही, हे आम्हाला कोण सांगणार?

पाळी अनियमित असलेल्या प्रत्येक बाईची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत झालीच पाहिजे. सरकारी डॉक्टर नसेल, तर खासगीचे पैसे सरकारने भरावेत. साखर त्या सोनोग्राफीच्या तारखेवरून तपासावी.

आणि एक. मुलीच्या कार्डावर अजून ‘नऊ महिने पूर्ण’ असेच लिहिलेले आहे. ते दुरुस्त करायला मी काल गेले होते. साहेब नाहीत, सोमवारी या, म्हणाले.

आपली,
एक आई