स्वतःच स्वतःची सवत

प्रिय मित्रा,

सुपरहिरो आपण कोण हे स्वतःच्या प्रेयसीपासून का लपवतो, यावरचं आपलं भांडण परवा फोनवर अर्धवट राहिलं. "अरे पण तो तिच्या भल्यासाठीच लपवतो ना" असं म्हणून तू मोकळा झालास आणि नेमकी तुझी बॅटरी गेली, म्हणजे शेवटचा शब्द तुझा. हे मला पचणार नाही हे तुला माहितीये. मेसेज टाकला असता तर तू नुसता अंगठा देऊन गप्प बसला असतास, म्हणून सरळ पत्रच लिहितोय, आता पूर्ण वाच आणि मगच तोंड उघड.

१९३८ पासून धर. 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो, त्याच्या ऑफिसातली पत्रकार लोइस पण त्यातच आणि हा सगळा घोळ पण त्यातच. क्लार्क, म्हणजे चष्मा लावून साधा माणूस बनलेला सुपरमॅनच, कसाबसा तिला डान्सला घेऊन जातो, एक दांडगट मध्ये घुसतो आणि हा गडी, जो अख्खी गाडी उचलू शकतो, तो मुद्दाम शेपूट घालतो. लोइसच त्या दांडगटाच्या थोबाडीत देते, क्लार्कला तोंडावर भित्रा म्हणते आणि निघून जाते. मग तो माणूस तिला पळवतो, सुपरमॅन येतो, गाडी डोक्यावर उचलतो, ते कव्हरवरचं फेमस चित्र. आता सांग यात लोइसचं काय चुकलं? समोर जे दिसलं त्यावरून तिने मत बनवलं, आणि तसंच मत बनावं म्हणून यानेच नाटक केलं होतं. आणि मग हाच माणूस वर्षानुवर्षं ऑफिसात बसून उसासे टाकतो की हिला मी नाही, तो आवडतो. अरे तो म्हणजे तूच ना शहाण्या!

लव्ह ट्रँगल म्हणायचा पण माणसं दोनच, ही यातली खरी गंमत. वंडर वुमनकडे तर सगळं उलटं, स्टीव्ह तिच्या मागे वेडा आणि तीच चष्मा लावून डायना प्रिन्स म्हणून त्याच्या समोर वावरते तर बघत पण नाही. म्हणजे बाई स्वतःच स्वतःची सवत. आणि 'मिस्टर इंडिया' (१९८७) आठव, सीमा पत्रकारच, लोइससारखी, अरुणच्याच घरात भाड्याने राहते आणि प्रेम कोणावर तर न दिसणाऱ्या माणसावर.

हे कॉमिकवाल्यांनी शोधलं असं पण नाही. मुखवटेवाला तलवारबाज झोरो १९१९ चा, तिथे लोलिताला डिएगो, जो स्वतःच झोरो आहे, म्हणजे निव्वळ जांभया देणारा कंटाळवाणा श्रीमंत वाटतो आणि झोरोवर ती जीव टाकते. आणि आपल्याकडे १८८२ पासून 'संगीत सौभद्र' चालूच आहे, अर्जुन यती होऊन बसलाय आणि सुभद्रा त्याची सेवा करतेय. फरक एवढाच की सौभद्रला तिसरी घंटा होते, पडदा वर जातो आणि रात्री कधीतरी खाली पण येतो, तोवर अर्जुनाला खरं रूप दाखवून लग्न उरकावंच लागतं. कॉमिकला पडदाच नाही रे, पुढच्या महिन्यात पुढचा अंक. गुपित फुटलं तर गोष्टच संपेल ही धास्ती. तुला माहितीये का, जेरी सीगलने, म्हणजे सुपरमॅन ज्याने लिहिला त्यानेच, १९४० मध्ये एक कथा लिहिली होती ज्यात लोइसला सगळं कळतं. छापलीच नाही. कॉमिकमधल्या लोइसला क्लार्कने नीट बसवून सांगितलं ते थेट १९९१ ला! तर तू जे "तिच्या भल्यासाठी" म्हणतोस ना त्यातलं अर्धं तर अंक चालू ठेवण्याच्या भल्यासाठी आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी ग्वेन स्टेसीकडे ये, पीटरची म्हणजे स्पायडरमॅनची प्रेयसी. १९७० मध्ये तिचे वडील मरतात, मरताना पीटरला सांगतात की तिला सांभाळ, कारण त्यांना कळलेलं असतं हा कोण आहे. ग्वेनला माहीत नाही, ती बापाच्या मरणाचा दोष स्पायडरमॅनलाच देते, आणि पीटर तिचं सांत्वन करतोय. विचार कर, ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडतेय त्यालाच शिव्या घालतेय आणि तिला पत्ताच नाही. मग १९७३, अंक १२१, गोब्लिन तिला पुलावरून फेकतो. का तिलाच? कारण गोब्लिनला माहीत होतं पीटर कोण ते. म्हणजे व्हिलनला माहीत, वडिलांना माहीत, फक्त जिचा जीव गेला तिला माहीत नाही. मग गुपिताने कोणाला वाचवलं? निदान तिला माहीत असतं तर जरा सावध तरी राहिली असती बिचारी.

मला विचारशील तर गुपित तिला नाही, त्याला वाचवतं. नकारापासून. १९७८ च्या 'सुपरमॅन'मधला तो सीन परत बघ. लोइस आतल्या खोलीत आवरतेय, क्लार्क बाहेर एकटा. तो चष्मा काढतो आणि हळूहळू ताठ होतो, खांदे मागे, छाती पुढे, आवाज पण खाली उतरतो, उंची जणू वाढली, कुठलाही इफेक्ट नाही, नुसतं ख्रिस्तोफर रीव्हचं शरीर. तो सांगणार असतो. आणि ती बाहेर येणार तसा परत मिटतो, खांदे पडतात, चष्मा नाकावर, आवाज चिरका. तिथे काय कोणी व्हिलन उभा होता का? कोणी नाही. फाटली त्याची, बस. तो एक सीन मी कितीदा बघितलाय सांगत नाही, हसशील. पण त्याच जोडीचा १९८० चा दुसरा भाग, तिथे तिला कळतं, दोघं एकत्र येतात आणि शेवटी हा एक किस देऊन तिची आठवणच पुसून टाकतो. लोक याला रोमँटिक म्हणतात! तिला विचारलं का कोणी?

आता एक गोष्ट सांगतो जी तुला पण कधी बोललो नाही. मी मध्ये टोपणनावाने अकाउंट काढून कविता टाकायचो, हो, मीच, हस. आणि एक दिवस हिने, तेव्हा आमचं जमायचं होतं, त्यातलीच एक मला फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, "बघ, असं लिहावं माणसाने, शीक जरा." सांगतो तुला, दोन दिवस मला त्या कवीचा भयानक राग आला होता. त्याला ब्लॉक करावं असं वाटलं, मग लक्षात आलं पासवर्ड माझ्याकडेच आहे. आणि सांगून टाकायचं सोडून मी काय केलं तर अजून चार कविता टाकल्या. क्लार्कला नावं ठेवायचा मला तसा काही अधिकार नाही.

म्हणून मला मेरी जेन आवडते, पीटरची नंतरची प्रेयसी. १९८४ ला पीटरला ती सरळ तोंडावर सांगते की तू स्पायडरमॅन आहेस हे मला माहितीये, आणि नंतरच्या एका कथेत कळतं की पीटरचे अंकल बेन गेले त्या रात्रीपासूनच तिला माहीत होतं. पीटरने एवढी वर्षं ज्या थापा मारल्या, उशीर का झाला, तोंड का सुजलं, त्या सगळ्या ती ऐकून घेत होती. मागच्या अंकांमधले तिचे हसून उडवलेले डायलॉग यानंतर परत वाच, वेगळेच लागतात. दमयंतीने नाही का बाहुकाच्या हातची चव घेऊन ओळखलं हा नळच आहे, तसलं. आणि १९९०-९१ मधला क्लार्क पण मला त्यासाठीच पटतो, तो आधी साधा क्लार्क म्हणून मागणी घालतो, ती हो म्हणते आणि मगच तो शर्ट उघडतो. लग्न १९९६ ला लागलं, पण माझ्यासाठी त्या होकारातच लागलं.

बॅटमॅनचं लांबवत नाही, फक्त 'बॅटमॅन रिटर्न्स' (१९९२) मधली ती पार्टी. सगळे मुखवटे लावून आलेत, उघड्या चेहऱ्याने फक्त ब्रूस म्हणजे बॅटमॅन आणि सेलिना म्हणजे त्याची वैरीण कॅटवुमन. नाचता नाचता आधी गच्चीवर मुखवट्यात बोललेलं एक वाक्य परत तोंडात येतं आणि दोघांना एकदमच कळतं. ती विचारते, आता आपण भांडायला सुरुवात करायची का? तिथे मी दरवेळी खलास.

आणि हो, कवितांचं. लग्न ठरल्यावर मोठ्या धीराने हिला सांगितलं की तो मी. ती म्हणाली, "दुसऱ्याच कवितेत कळलं होतं, 'आणि'ला दुसरी वेलांटी तूच देतोस." म्हणजे ते "शीक जरा" तिने सगळं माहीत असताना पाठवलं होतं!

ग्वेनबद्दल तुझं काय ते लिहून पाठव, फोन नको, तुझी बॅटरी परत जाईल.

तुझाच,
दुसरी वेलांटी