भरगाडी, रिकामी गाडी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "अजून पोरंच मोजतेयस? एवढ्यात आमच्या काट्यावर सगळा हंगाम तोलून झाला असता." तेव्हा नुसती हसले, आता उत्तर लिहिते.

कारखान्यात तुम्ही प्रत्येक गाडी दोनदा तोलायचात, भरलेली आणि रिकामी. एका वजनावरून ऊस किती ते निघत नाही. मुलं कशी वाढतात हे बघणाऱ्या आमच्या मानसशास्त्रातल्या एमी वर्नर बाईंनी तेच केलं. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाला धरली आणि पुन्हापुन्हा गाठली: वय १, २, १०, १८, ३२ आणि ४०. बेटही उसाचं, बरेच आईबाप मळ्यावर मजूर.

त्यातल्या २०१ मुलांवर दोन वर्षांची होईतो गरिबी, जन्मावेळचा त्रास, घरातली कटकट असली चार-चार ओझी पडलेली. तरी ७२ जण सरळ वाढले. बहुतेकांना कुणीतरी धरून होतं, आजी, मावशी, शेजारीण, नाहीतर मास्तर. आणि अठराव्या वर्षी वाया गेली म्हणावं अशी बरीच पोरं बत्तिशीत मार्गी लागलेली. बाईंनी अठरालाच वही मिटली असती, तर हे कळलंच नसतं.

माझा पसारा त्यापुढे काहीच नाही, ५४ पोरं. त्यातली सहा घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. मुकादमाला विचारत विचारत फडावर पोचले, तर कोपीतून एक चिमुरडी ओरडली, "आये, ठोकळंवाली बाई आली!" वर्षापूर्वी तिनं माझ्यासमोर तीन ठोकळे रचले होते. यंदा आठ रचले, नववा पडला तर माझ्यावरच चिडली. दिवसभराची पायपीट तिथंच वसूल झाली.

आई, मला सारखा आपल्या पायरीवर अभ्यासाला बसणारा तो आठवतो. त्याचा बाप पिऊन आला की तू न बोलता एक भाकरी जास्त टाकायचीस. तू म्हणशील, भाकरीनं काय होतंय. एकट्या भाकरीनं नाहीच होत, पोरगा मुळातच गोड होता. वर्नर बाईंच्या वहीतही मुलांचा स्वभाव वेगळा धरलाय. पण दहावीला नापास झाल्यावर तो आधी तुझ्याकडेच आला होता ना?

त्याचं गॅरेज कसं चाललंय, ते कळव. मी विचारलं म्हणून सांगू नकोस, लाजेल. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
चिमी