दिवाळी, हॅलोविन आणि पंचांग

महोदय,

अमेरिकेतली मराठी मुले हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोंगे घेऊन दारोदार खाऊ गोळा करण्याच्या सणाच्या) नादी लागून दिवाळी विसरतात, ही तक्रार दर ऑक्टोबरात ऐकू येते. दोष बहुधा मुलांचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. २०२४ मध्ये आपल्याकडे बहुतेकांचे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झाले. न्यूयॉर्कला मात्र अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी लागून दुसऱ्या सकाळी संपली. म्हणजे पूजा नेमकी हॅलोविनच्याच संध्याकाळी. इथली तारीख तिकडे जशीच्या तशी उचलली, तर प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या पूजेच्या वेळी, अमावास्याच उरत नाही. पंचांग शहराचे नाव घालूनच पाहावे.

मग संध्याकाळ कशी बसवायची? तिथे तेव्हा सूर्यास्त सहाच्या आत होतो आणि प्रदोषकाळ त्यानंतर दोन तासांहून थोडा जास्त. मुलांना पिशव्या घेऊन निघतानाच अडवून पाटावर बसवले, तर सगळे चित्त दाराच्या घंटेकडे. त्याऐवजी साडेसातला पूजा ठेवावी. मुखवटा उतरवला, हातपाय धुतले की पुरे. रेशमी कुडत्याचा हट्ट आजीने सोडावा. पाठीवरची झूल मात्र काढायलाच हवी, ते पॉलिस्टर पणतीवर भुरकन पेटते. गोळा केलेला खाऊ देवापुढे ठेवण्याआधी वेष्टन वाचावे: मार्शमेलो आणि चिवट गमी गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा अर्क असतो. आणि धूप स्मोक अलार्मखाली नको. आरती अर्ध्यावर असताना तो केकाटतो, मग मुलांना तेवढेच लक्षात राहते.

– एक वाचक