टोपण स्टँडमध्येच असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाडे आणि जुन्या कचेऱ्या रिकाम्या होतात तेव्हा टेबलावरचे पेनसेट पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पोचतात. पण पेन एका ढिगात आणि बैठक, म्हणजे पेन उभं ठेवायचा स्टँड, दुसऱ्या. विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना विनंती, की ही जोडी फोडू नये. डेस्क पेनला टोपण नसतं, बैठकीवरचं नरसाळं हेच त्याचं टोपण. नरसाळ्याच्या आतलं अस्तर चिरलं की निब रात्रीत वाळते आणि दोष मात्र पेनवर येतो.

दुसऱ्या कंपनीचं पेन घालून पाहण्याआधी नरसाळ्याची खोली मोजावी. स्ट्रॉ तळाला टेकेपर्यंत आत घालायची, काठापाशी खूण करायची आणि ती पेनशेजारी धरायची. पेनचा आत जाणारा भाग खुणेपेक्षा लांब असेल तर निबेचं टोक तळावर आपटून वाकणार.

सर्वांत जास्त गैरसमज एस्टरब्रुक या अमेरिकन कंपनीच्या ‘डिप-लेस’ सेटबद्दल. त्यातल्या 444 या मॉडेलमध्ये शाई बैठकीतच भरतात. पेनमध्ये शाई साठवायची रबरी पिशवी नसतेच, फीड म्हणजे निबेखालची खाचांची पट्टी शाई ओढून धरते. पिशवी दिसली नाही म्हणून हे पेन ‘मोडकं’ ठरवून फेकलं जातं! निब फीडसकट फिरवून निघते आणि तिच्यावर नंबर कोरलेला असतो. 2668 आणि 9668 दोन्ही मध्यम रेघेच्या, पण 9 ने सुरू होणाऱ्या निबांना कठीण धातूचं टोक असतं, म्हणून त्या जास्त टिकतात. निब पोलादी आहे आणि शाईत उभी राहते. तेव्हा लोहयुक्त आम्लधर्मी शाई इथे नकोच, गंज ठरलेला. वाळलेली शाई साध्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून सुटते, गरम पाण्याची घाई करू नये.

पार्करच्या जुन्या ड्युओफोल्ड पेनची गंमत वेगळी. मागचं छोटं झाकण काढून तिथे लांब शेपूट फिरवून बसवली की खिशातलं पेन टेबलावरचं होतं. शाई भरायचं बटण त्या शेपटीखाली असतं, ती न काढता जोर लावला तर आटे जातात. पिशवी बदलताना लक्षात ठेवायचं, की तिचा नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग: 16 नंबर म्हणजे पाव इंच. चिकटवायला शेलॅकच (लाखेचं द्रावण) वापरावं, फेव्हिक्विकसारख्या गोंदाने पुढची दुरुस्ती कायमची बंद होते.

काळं पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, असेल तर त्याचा रंग पाहावा. नरसाळ्यात दडलेला भाग काळा आणि उजेडातली शेपूट तपकिरी, हे अस्सल वय. टोकापासून शेपटीपर्यंत एकसारखं चकचकीत काळं दिसलं तर पॉलिश किंवा रंग चढवला असण्याची शक्यता धरावी. दुकानदार त्याचेच पैसे जास्त मागतो, हा विनोदच. तपकिरी रंग ‘स्वच्छ’ करायला पाण्यात बुडवलं तर तो आणखी वाढतो.

ऑनिक्सच्या बैठकीला लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नये. हा दगड चुनखडीच्या जातीचा, आम्लाने त्याची झिलई खाऊन जाते. नरसाळं डुगडुगत असेल तर नट तळच्या बनातीखाली सापडतो. बनातीचा एकच कोपरा पातळ पात्याने उचलावा आणि नट हाताने लागेल तेवढाच आवळावा. पान्याने आवळलं की भेग पडते, ती भोकापासूनच.

– एक संग्राहक, पुणे