मुलांनी मोजलेली झाडे सरकारदरबारी धरा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानांत पर्यावरण प्रकल्पासाठी झुंबड उडते. चित्रांचे तक्ते, तयार मजकूर, हिरवे कव्हर. जलप्रदूषणावरचा प्रकल्प नदीकडे न फिरकता एका संध्याकाळी उरकतो, तोही पुष्कळदा आईच्या अक्षरात. पुण्यातल्या शाळांमध्ये मुलांबरोबर काम करताना हे मी पाहत आले आहे, आणि यात मुलांना किंवा शिक्षकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. वहीत काय लिहिले आहे याची पुढे कुणालाच गरज नसते. श्रेणी मिळते आणि वही रद्दीत जाते.

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. पुस्तके आली, तासिका आल्या; आपल्याकडे नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषयही आहे. आता आणखी विषय नको. शहरातल्या मुलांनी घेतलेल्या नोंदी महापालिकेने वापरात आणाव्यात, एवढीच मागणी आहे.

कल्पना नवी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या पर्यावरणविषयक अभ्यासगटाचे अध्यक्ष परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. मुलांनी आपल्या भागातल्या झाडापाण्याची माहिती गोळा करावी आणि ती सर्वांसाठी खुली असावी, हे त्या गटाने तेव्हाच सुचवले होते. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे महापालिकांना लोकसहभागातून जैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या झाडाप्राण्यांची नोंद, करावी लागते. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. म्हणजे काम कायद्यानेच ठरलेले आहे.

सातवीच्या मुली शाळेबाहेरच्या रस्त्यावर झाडे मोजत होत्या, तेव्हाचे सांगते. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. शिवणाची टेप पर्जन्यवृक्षाला पुरेना, म्हणून त्यांनी सुतळी गुंडाळली आणि मग ती सुतळी मोजली. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगले असेल तर काय करायचे, यावर बराच वाद झाला. (दोन्ही खोडे वेगवेगळी मोजायची.) मग एकीचे लक्ष खाली गेले. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडले होते. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी बजावले होते. इथे बोटभरही जागा नव्हती. तिने घेरापुढे लिहिले, 'खिळे नऊ, एक सालीत रुतलेला.' तक्त्यात खिळ्यांसाठी रकाना नव्हता, तो तिने आखला. पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून संरक्षण मिळाले आहे, हे कळल्यावर मुली जवळच्या दुकानदारांना झाडांची वये विचारत फिरल्या.

ती यादी आम्ही संबंधित कार्यालयात नेली. ती घ्यायची कुणी, हेच तिथे ठरलेले नव्हते.

म्हणून विनंती अशी की शालेय शिक्षण आणि नगरविकास या दोन्ही खात्यांनी मिळून एक शासन निर्णय काढावा. शाळांच्या नोंदी स्वीकारणारा अधिकारी महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात नेमावा. त्याने उद्यान विभागाकडून काही नोंदी जागेवर पडताळून घ्याव्यात आणि महिन्याभरात शाळेला लेखी उत्तर द्यावे. चुका असतील तर त्याही कळवाव्यात. त्यातून मुले शिकतील. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरातल्या कामासाठी वर्षातून एकदाच परवानगी पुरेशी असावी. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिच्या काठच्या शाळांनी झाडांऐवजी पक्षी मोजावेत, मुठेकाठच्या शाळांनी पाणी तपासावे.

आणि हे काम शिक्षकांच्या माथी मारलेले आणखी एक अशैक्षणिक काम होऊ नये. सध्याच्या प्रकल्पवहीच्या जागी ते यावे, तिच्या जोडीला वेगळे नको. फोटो अपलोड करण्याची सक्तीही नको.

येत्या जूनपासून पुणे, ठाणे आणि नागपूर इथल्या एकेका क्षेत्रीय कार्यालयापासून सुरुवात करता येईल. मुलींची यादी आमच्याकडे तयार आहे. ती कुणाकडे द्यायची, तेवढे कळवावे.

आपली,
पुण्यातील एक कार्यकर्ती