चाचणी केंद्रातल्या ताईंचे आणि इतरांचे आभार

रत्नागिरीच्या सरकारी चाचणी केंद्रातल्या समुपदेशक ताई, तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नवरा बोटीवर खलाशी आहे म्हटलं की एचआयव्हीच्या नावाने पुष्कळांचे चेहरे बदलतात. तुमचा बदलला नाही.

रक्त घेण्याआधी दार लावून तुम्ही आमच्याशी बोललात, संमती विचारलीत. २०१७ च्या कायद्याने ती घ्यावीच लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, हे तुमच्याकडूनच कळलं. पैसे काहीच लागले नाहीत. माझा निकाल निगेटिव्ह आला, ह्यांचा पॉझिटिव्ह. तोही तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच सांगितलात. मी रडत होते, तरी घाई केली नाहीत. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या मोफत मिळतात, त्या रोज न चुकता घ्यायच्या. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही. तोवर निरोध वापरायचा. हे मी पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्ही तितक्याच वेळा सांगितलंत. नवा संसर्ग चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून मलाही परत बोलावलंत.

रक्त घेणारे दादा, १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनवर रात्री माझं सगळं ऐकून घेणाऱ्या बाई, आणि कारण न विचारता गोळ्या आणायच्या दिवशी ह्यांना सुट्टी देणारे बोटीचे तांडेल (प्रमुख), तुमचेही मनापासून आभार. माझी पुढची तपासणी नारळी पौर्णिमेच्या आधी आहे, ताई. तेव्हा येतेच.